नाणी-दागिने शोधायला मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा?



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितलेला आहे. प्रश्न साधारण असा येतो : "दादा, एवढं बजेट आहे, नाणी आणि दागिने शोधायचेत, एक मॉडेल सांगा." मी मॉडेल लगेच सांगत नाही. आधी तीन प्रश्न विचारतो. काय शोधायचंय? कसल्या जमिनीत? आणि ती जमीन कुणाची? या तिन्हींची उत्तरं मिळाली की यंत्र जवळजवळ आपोआप ठरतं. मात्र आपल्याकडे सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करावी लागते, कारण काय शोधायला परवानगी आहे यावरच काय शोधायचं ते ठरतं.

मार्च २०२५ मधली बातमी आठवत असेल. 'छावा' चित्रपट आला आणि आमच्या मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगडाजवळच्या शेतांत रात्री माणसं जमू लागली. हातात टॉर्च, फावडी आणि काहींच्या हातात मेटल डिटेक्टर. मुघलांच्या काळातली सोन्याची नाणी निघतात अशी अफवा होती. शेतांत खड्डेच खड्डे झाले, शेवटी पोलिसांना यावं लागलं. त्यानंतर मला येणारे प्रश्न एकदम वाढले. म्हणून कायद्याचं आधी बोलून घेऊ, मग यंत्राकडे वळू.

भारतात १८७८ चा 'इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट' आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे सगळं कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करावी लागते किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यावी लागते. हो, दहाच रुपये! १८७८ साली ती मोठी रक्कम होती, आकडा तसाच राहिला. कळवलं नाही तर आपला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं, खरा मालक कुणी निघाला नाही आणि फक्त जमीनमालकाने दावा केला, तर वेगळा करार नसल्यास सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा, अशी वाटणी त्याच कायद्यात आहे. म्हणजे प्रामाणिक माणसाला कायदा रिकाम्या हाताने पाठवत नाही. फक्त सरकारला ती वस्तू हवी असेल तर सरकार मोबदला देऊन ती घेऊ शकतं.

दुसरी गोष्ट संरक्षित स्मारकांची. भेडाघाटचं चौसष्ट योगिनी मंदिर घ्या. अशा राष्ट्रीय संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे डिटेक्टर घेऊन जायचंच नाही.

जबलपूरजवळचं तेवर गाव म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे १९५२ मध्ये तिथे उत्खनन केलं. अशा कामात थर एकेक करून उतरवतात. नाणं कुठल्या थरात, कसल्या खापरांच्या सोबत मिळालं, यावरून त्या जागेचा काळ ठरतो. तेच नाणं आपण रात्री खुरप्याने उपसून काढलं तर हातात धातूचा तुकडा येतो आणि त्याच्यासोबतची माहिती कायमची जाते. सराफ त्या तुकड्याचे फार तर वजनाने पैसे देईल.

आमच्याकडे मदन महालाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की दोन मोठ्या खडकांच्या मधे नऊ लाखांची माया आणि सोन्याच्या विटा पुरल्या आहेत. जबलपूरच्या प्रत्येक पोराने ही गोष्ट ऐकलेली आहे. महाराष्ट्रात यालाच जोडून पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं असं म्हणतात. या नादात किती घरांत अघोरी प्रकार झाले ते तुम्हाला माहीत आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्यं मुद्दाम घातली आहेत, ती उगाच नाही.

जबलपूरकरांसाठी एक खास सूचना. आपलं शहर छावणीचं आणि आयुध कारखान्यांचं आहे. खमरियाकडच्या चाचणीच्या हद्दीच्या आसपास यंत्र घेऊन फिरू नका. तिथे "मोठा, स्पष्ट सिग्नल" म्हणजे न फुटलेला गोळा असू शकतो. यंत्राला नाणं आणि गोळा यांतला धोका कळत नाही.

मग उरलं काय? पुष्कळ उरलं. आपलं अंगण, ओळखीच्या माणसाचं शेत, लग्नाचं लॉन, मुलांचं खेळाचं मैदान, घाटावरची वाळू. आणि शोधायचं काय, तर हल्ली हरवलेलं, ज्याचा मालक जिवंत आहे आणि घरी रडत बसला आहे, ते. सापडलेली अंगठी आपली होत नाही, हेही लक्षात ठेवा. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. मी हे काम असंच करतो : बोलावणं आलं की जायचं, सापडलं की ज्याचं त्याला द्यायचं.

आता पहिला प्रश्न : काय शोधायचंय?

यंत्र कसं चालतं ते दोन वाक्यांत सांगतो. खालच्या थाळीला कॉइल म्हणतात. ती जमिनीत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे धातूत बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि कॉइल ते पकडते. हा प्रतिसाद किती जोरात आणि किती उशिरा आला, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं आणि पडद्यावर एक आकडा दाखवतं. लोखंडाचा आकडा सगळ्यात खाली, पातळ अ‍ॅल्युमिनियम आणि बारीक सोनं मध्यावर, तांबं आणि चांदी वर.

परदेशातले व्हिडिओ पाहिले तर पहिला सल्ला हाच : "लोखंड बंद करा आणि वरचे आकडे खणा." अमेरिकेतली जुनी नाणी चांदीची, तांब्याची. त्यांना ते चालतं. आपली नाणी बघा. १९९२ पासूनचा लहान रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, म्हणजे चुंबकाला चिकटणारा. १९८८ पासूनचे स्टीलचे पन्नास पैसेही तसेच. अशा नाण्यावर यंत्र गोंधळतं. आकडा एका बाजूने खाली, दुसऱ्या बाजूने वर, आवाज तुटक. लोखंड पूर्ण बंद केलं तर यंत्र रुपयावरून निघून जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. पिवळा पाच रुपयांचा निकेल-पितळेचा, तो बऱ्यापैकी स्थिर आकडा देतो. जुना चांदीचा रुपया, ११.६६ ग्रॅमचा, सगळ्यात स्वच्छ वाजतो. पण तो जमिनीत मिळाला तर मघाचा कायदा आठवा.

दागिन्यांचं याहून अवघड आहे. सोन्याची अंगठी सोपी, कारण ती बंद कडं असते आणि प्रवाह तिच्यात गोल फिरतो. चेन मात्र वाईट. यंत्राला अख्खी चेन दिसत नाही, तिला एकेक कडी सुटी दिसते. तोळाभराची चेन वाळूत पडलेली असते आणि यंत्र जेमतेम कुजबुजतं. बहुतेक वेळा आवाज येतो तो चेनच्या फाशाचा. पैंजणांचंही तसंच. जोडवी चांदीची, म्हणजे जोरात वाजायला हवीत. पण पुष्कळ जोडव्यांची टोकं जोडलेली नसतात. कडं उघडं असलं की प्रवाहाचा फेरा पूर्ण होत नाही आणि आकडा खाली येतो. मंगळसूत्रात काळे मणी यंत्राला दिसतच नाहीत. दिसतात त्या दोन वाट्या. त्या पातळ पत्र्याच्या, आत लाख भरलेल्या असतील तर आकडा येतो मध्यावर, जिथे औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा अ‍ॅल्युमिनियमही येतो.

एक उदाहरण सांगतो. नागपूरहून एक कुटुंब ग्वारीघाटावर स्नानाला आलं होतं. गुडघाभर पाण्यात सासूबाईंचं मंगळसूत्र तुटून पडलं. मी पोहोचलो तेव्हा त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "अहो, ते माझ्या आईने घातलं होतं." मी आधी यंत्र काढलं नाही. त्यांना विचारलं, काकू, तुम्ही उभ्या होतात तिथून समोर काय दिसत होतं? मंदिराचा कळस. आणि डाव्या हाताला? बांधलेली नाव. त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे चार काठ्या रोवल्या आणि पट्ट्यापट्ट्याने शोधलं. पहिल्या तासात सव्वीस रुपये, तीन खिळे, केसांच्या पिना. दुसऱ्या तासात एक हलका, मधला आकडा. फॉइलचा असतो तसाच. काढलं तर एक वाटी, तिच्यामागे सूत्राचा तुकडा आणि वीतभर पुढे दुसरी वाटी. वरच्याच आकड्यांवर भर दिला असता तर ते मंगळसूत्र आजही नर्मदेत असतं.

म्हणून दागिन्यांसाठी पहिला नियम : मधले आकडे सोडायचे नाहीत. कचरा निघणार, तो काढावाच लागतो. जे यंत्र "फक्त सोनं दाखवतं" असं सांगून विकतात, ते घेऊ नका.

दुसरा प्रश्न जमिनीचा. आमच्या भागात दख्खनच्या बेसाल्टची काळी माती आहे, कुठे लाल मुरूम आहे, मदन महालाकडे ग्रॅनाइट आहे. नर्मदेच्या वाळूत काळ्या रेघा दिसतात. त्यावर साधं चुंबक फिरवा, बारीक कण चिकटून येतील. हे लोहयुक्त कण यंत्राला सतत हलका आवाज देतात. त्यात खरा सिग्नल बुडतो आणि खोलीही कमी होते. जाहिरातीत लिहिलेली खोली आमच्या काळ्या मातीत मिळत नाही. चांगल्या मातीत नाण्याएवढी वस्तू वीसेक सेंटिमीटरवर मिळाली तरी आनंद माना.

यावर उपाय म्हणजे 'ग्राउंड बॅलन्स', म्हणजे त्या जमिनीचा आवाज यंत्राला ओळखायला लावून वजा करणं. काही यंत्रांत ते कारखान्यातच ठरवून दिलेलं असतं, बदलता येत नाही. काहींत तुम्ही कॉइल वरखाली हलवून त्या जागेपुरतं करून घेता. महाराष्ट्राचा आणि आमचा मोठा भाग काळ्या मातीचा, तेव्हा हे दुसरं हवंच. कोकणात किंवा गोव्यात ओल्या किनाऱ्यावर काम असेल, तर खारं पाणी स्वतःच वीज वाहतं. तिथे एका फ्रीक्वेन्सीचं यंत्र बडबड करतं, एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारं शांत राहतं.

आजूबाजूचं लोखंड किती फसवतं याची जुनी गोष्ट आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन गेले. गोळी सापडली नाही. पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राला चकवलं असं सांगतात. तुम्ही घाटावर लोखंडी साखळीच्या कठड्याजवळ शोधाल तेव्हा हे आठवा.

आता यंत्र. मी चार गोष्टी बघायला सांगतो.

एक, फ्रीक्वेन्सी. साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झ मोठ्या चांदी-तांब्याला चांगली. १२ ते २० आणि वर बारीक सोन्याला चांगली. 'गॅरेट'चं 'एस ३००' हे ८ किलोहर्ट्झचं आणि ठरावीक ग्राउंड बॅलन्सचं यंत्र. अंगणासाठी, लॉनसाठी, शिकण्यासाठी सोपं. 'नोक्टा'चं 'सिम्प्लेक्स प्लस' १२ किलोहर्ट्झचं, ग्राउंड बॅलन्स करता येतं आणि ३ मीटरपर्यंत पाण्यात चालतं. नदीवाल्यांसाठी ते मला जास्त पटतं. 'माइनलॅब'चं 'व्हॅन्क्विश' अनेक फ्रीक्वेन्सींचं, किनाऱ्यासाठी चांगलं, पण त्याची कॉइलच पाण्यात जाते, वरचा डबा नाही. नवी मॉडेलं येत राहतील. हीच माहिती त्यांच्याबद्दलही विचारायची.

दोन, कॉइल. मोठी कॉइल खोल जाते, पण कचऱ्यात दोन वस्तू एकत्र वाजवते. घाटावर, जिथे हातभर जागेत दहा वस्तू असतात, तिथे पाच-सहा इंची छोटी कॉइल जास्त कामाची. यंत्राला वेगळी छोटी कॉइल मिळते का, हे घेतानाच विचारा.

तीन, पिनपॉइंटर. हे काठीएवढं छोटं यंत्र खड्ड्यात घालून वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवतं. बजेट कमी असेल तर मुख्य यंत्र एक पायरी खालचं घ्या, पण हे घ्या. बारीक चमकी वाळूत हाताने शोधणं म्हणजे ती पुन्हा हरवणं.

चार, वजन आणि दुरुस्ती. दीड किलोचं यंत्र दुकानात हलकं वाटतं, दोन तास हलवल्यावर खांदा बोलतो. भारतात बिल, वॉरंटी आणि सुटे भाग कोण देणार, ते लेखी घ्या.

आणि घ्यायच्या आधी तपासा. घरून एक डबी न्या. तिच्यात स्टीलचा रुपया, पिवळे पाच, एक अंगठी, एक चेन, एक जोडवं, गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि एक खिळा ठेवा. प्रत्येकावरून यंत्र फिरवा आणि आकडे वहीत लिहा. मग खिळा आणि अंगठी शेजारी ठेवून बघा, अंगठी ऐकू येते का. घरी आल्यावर कुंडीतल्या मातीत पाच, दहा, पंधरा सेंटिमीटरवर पुरून तेच करा. ही वही माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

एक प्रकार मात्र अजिबात घेऊ नका. दोन अँटेना लावलेली, शंभर मीटरवरून सोनं दाखवणारी यंत्रं. कॉइलचं क्षेत्र काही इंचांत विरून जातं. शंभर मीटरवरून अंगठी ओळखणारं तंत्र नाही. 'एडीई ६५१' नावाचं असंच अँटेनाचं यंत्र बॉम्ब शोधायला म्हणून इराकमध्ये विकलं गेलं. ते बनावट निघालं आणि २०१३ मध्ये त्याच्या ब्रिटिश विक्रेत्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यावर विश्वास ठेवणारे चौकीवरचे जवान होते. गावात कुणी असं यंत्र आणि सोबत एखादा बाबा घेऊन आला, तर शेताचा उतारा आणि दागिने दोन्ही कुलपात ठेवा.

शेवटी घाटाबद्दल. घाटावर दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. फेरिटिक स्टील म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, पण रुपया चिकटतो आणि पिवळे पाच चिकटत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ती नाणी त्यांच्या घरची मिळकत आहे. हजारोंचं यंत्र घेऊन त्यांच्या रुपयांवर जाऊ नका. मला मिळालेली नाणी मी तिथेच त्यांना देतो. दागिना शोधताना ही मुलंच सांगतात, "काका, इथे खड्डा आहे, पुढे जाऊ नका." बर्गी धरणातून पाणी सोडलं की पातळी वाढते, हेही आधी त्यांनाच कळतं. एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. काम झालं की खड्डे बुजवायचे. निघालेले खिळे आणि पत्रे परत वाळूत टाकायचे नाहीत, कारण तिथे लोक अनवाणी चालतात.

तर थोडक्यात. अंगण-लॉन आणि शिकायचं असेल तर साधं, कमी बटणांचं यंत्र. काळी माती आणि नदी असेल तर ग्राउंड बॅलन्स करता येणारं, पाण्यात चालणारं. समुद्रकिनारा असेल तर अनेक फ्रीक्वेन्सींचं. आणि पुरलेलं धन काढायचं असेल, तर कुठलंच नाही. तुमच्या जमिनीची माहिती आणि काय हरवलंय ते लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काहींवर बोलू.

नर्मदे हर! भेटू लवकरच.